आधी रस्ता की आधी घर?

करजण हे नाव गोव्यात फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. बडोदे जिल्ह्यातले ते एक तालुक्याचे गाव. मुंबईहून बडोद्याला रेल्वेने जाताना भरूच मागे पडले की काही वेळाने 'मियागाम करजण' अशी जोडनावाची पाटी दिसते, तेच हे. राजपिपळ्याजवळची करजण नदी आणि तिच्यावरचे धरण हे प्रकरण वेगळे, त्याच्याशी गल्लत करू नये.

गेले काही दिवस मी वाचतोय आणि विचार करतोय तो आपल्याच गावांतल्या एका भांडणावर. गावाशेजारी मोठे गृहसंकुल येणार अशी बातमी फुटते, ग्रामसभेत गर्दी होते, आणि पाण्याच्या, कचऱ्याच्या, झाडांच्या बरोबरीने एक तक्रार हमखास उठते, 'एवढ्या गाड्या ह्या रस्त्याने जाणार कशा?' बिल्डरचा माणूस हसतो. अधिकारी म्हणतात, रस्ता नंतर रुंद करू. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'ग्रामस्थांचा विकासाला विरोध' असा मथळा येतो. ह्या तक्रारीला इतके हलके का लेखले जाते, हा प्रश्न मला पडला आणि तो सोडवता सोडवता मी इतिहासात शिरलो. तिथे करजण भेटले.

त्याची हकिगत अशी. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मोठा मार्ग १८६१ च्या सुमारास बडोद्यापर्यंत पोचला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे दिवस आले. करजणच्या आसपासचा कानम प्रदेश काळ्या कसदार जमिनीचा, कापसाचा. तेव्हा बडोद्याच्या गादीवर खंडेराव गायकवाड होते. त्यांच्या राज्याने १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे घातली. हिंदुस्थानातली ही पहिली अरुंद मापाची रेल्वे, आणि एखाद्या संस्थानाने स्वतःच्या मालकीने बांधलेलीही पहिलीच. गंमत म्हणजे हिला ओढायला बैल होते! रूळ इतके हलके की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. पुढे मल्हाररावांच्या कारकिर्दीत, १८७३ मध्ये, जड रूळ घालून हा मार्ग नव्याने सुरू झाला आणि बैलांची सुटका झाली.

ह्या गोष्टीतली बैलांची मजा सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. ह्या रुळांवर बैलांची गाडी चालेल, इंजिन चालणार नाही, हे तिथे लगेच कळले, कारण रुळाला किती भार सोसतो ह्याचा हिशेब कोणीतरी ठेवत होते. भार वाढवायचा तर आधी रूळ बदलले पाहिजेत, हे त्या काळच्या दरबारी कारभारालाही समजत होते. डबे वाढवू, रुळांचे नंतर पाहू, असे कोणी म्हटले नाही. म्हटले असते तर गाडी घसरली असती आणि सगळ्यांना दिसली असती. गावच्या रस्त्याचे दुर्दैव असे की तो घसरत नाही, नुसता तुंबतो. आणि तुंबलेल्या रस्त्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर येत नाही.

करजणचे गाव असे वाटेच्या बळावर वाढले. आधी रेल्वे, मग जंक्शन, मग बाजार, मग घरे. पुढे मुंबई-दिल्ली महामार्ग त्याच्या अंगावरून गेला (पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ८ म्हणत, आता तो ४८ आहे), भरथाण्याला टोलनाका आला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा बडोदे-भरूच टप्पाही खुला झाला. वाट पुढे आणि वस्ती मागे, असा हा क्रम आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या गोव्यातही जुना क्रम हाच होता, हे आपण विसरून गेलो आहोत. पणजीहून रायबंदरला जाताना आपण ज्या लांबलचक दगडी सेतूवरून जातो, तो व्हाइसरॉय कोंदी द लिन्यारिश ह्याच्या काळात १६३३-३४ साली बांधला गेला. लांबी सुमारे तीन किलोमीटर, दोन्ही बाजूंना मिठागरे आणि खारफुटी. त्या वेळी पणजी म्हणजे आदिलशहाचा जुना वाडा, काही झोपड्या, माड आणि दलदल. व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीला हलवले ते १७५९ मध्ये, म्हणजे सेतू झाल्यावर सव्वाशे वर्षांनी. दोम मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रु ह्याने एकोणिसाव्या शतकात दलदल बुजवून सरळ रस्ते आखले, आणि १८४३ च्या मार्चमध्ये राजाज्ञेने पणजीला शहराचा दर्जा आणि 'नोवा गोवा' हे नाव मिळाले. आधी सेतू, मग रस्ते, मग शहर.

वास्कोचेही तसेच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगावचे बंदर आणि वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कामे हाती घेतली गेली आणि १८८८ पर्यंत ती रेल्वे घाट चढून गेली. वास्को द गामा हे शहर आखीव रस्त्यांवर वाढले ते त्याच्या नंतर.

पोर्तुगीजांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी ही कामे केली ती स्वतःच्या सोयीसाठी, आणि त्याच राजवटीने खेड्यापाड्यांना रस्ता म्हणून फार थोडे दिले. खेड्यांची व्यवस्था त्याच्याही आधीची, गावकारीची. १५२६ मध्ये आफोंसो मेशियाने गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, तोच प्रसिद्ध फोराल. ती व्यवस्था त्या वेळीही जुनीच होती. बांध घालणे, मानस राखणे, तळ्याचे पाणी वाटणे, शेतांतून जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवणे ही कामे गाव म्हणून होत. आपल्या वाड्यांतले रस्ते आज असे नागमोडी का, ह्याचे उत्तर तिथे आहे. कोणी इंजिनिअरने ते आखलेच नाहीत. ते बांधांच्या कडेने गेले, दोन भाटांच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून गेले, देवळाला वळसा घालून गेले, कपेलापाशी थांबून पुढे निघाले. बैलगाडी गेली म्हणजे पुरे. मुक्तीनंतर त्यांवर डांबर पडले, वीज आली, बस आली. पण रुंदी राहिली ती बैलगाडीचीच.

तेव्हा आपल्या गावच्या रस्त्याची तुलना करायचीच तर ती खंडेरावांच्या पहिल्या रुळांशी करावी. त्यांवर बैल चालत होते. आता आपण त्यांवर इंजिन चढवायला निघालो आहोत.

उर्वरित हिंदुस्थानात रस्त्यांचा हिशेब ठेवायला सुरुवात झाली त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, आणि ही गोष्ट मराठी वाचकालाही बहुधा माहीत नसते. मुकुंदराव जयकर आपल्याला ठाऊक असतात ते बॅरिस्टर, राजकारणी आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून. १९२७ मध्ये रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष जयकर होते. मोटारी वाढत आहेत, रस्ते बैलगाड्यांचे आहेत आणि त्यांची देखभाल स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेली आहे, हे ह्या समितीपुढचे दुखणे. तिच्या शिफारशींमुळे पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी वेगळा काढला जाऊ लागला आणि १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था निघाली, तिचाही उगम ह्याच समितीत. पुढे १९४३ मध्ये नागपूरला मुख्य इंजिनिअरांची बैठक होऊन वीस वर्षांचा आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही आज आपण सहज वापरतो ती वर्गवारी त्या नागपूर आराखड्यातली.

गोवा त्या वेळी पोर्तुगालकडे होता. म्हणून हा सारा विचार आपल्या वेशीबाहेर थांबला. आपण त्यात शिरलो ते १९६१ नंतर, आणि तोवर गावाच्या रस्त्यांना कोणतीही वर्गवारी लागायच्या आत घरे वाढू लागली होती.

करजणच्या बडोदे राज्यात मात्र रस्ता आणि वस्ती ह्यांचा एकत्र विचार लवकर सुरू झाला. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१६ मध्ये, पॅट्रिक गेडेस ह्या स्कॉटिश पंडिताने बडोदे शहराच्या वाढीबद्दल महाराजांना अहवाल दिला. गेडेस मूळचा जीवशास्त्रज्ञ. शहराचे वैद्यक करायचे तर आधी रोगाचे निदान करा, हा त्याचा आग्रह. गल्ल्या पायाखाली घालायच्या, विहिरी, चौक, झाडे, देवळे पाहायची, लोक कुठून कुठे जातात ते न्याहाळायचे, आणि मगच कागदावर रेघ मारायची. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापून काढणाऱ्या इंजिनिअरांशी त्याचे पटत नसे. पण नवी वस्ती बेहिशेबी वाढू देणेही त्याला मान्य नव्हते. पुढे १९१९ मध्ये हाच माणूस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला.

१९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. त्यातली युक्ती साधी होती. एखाद्या भागात वस्ती होणार असे दिसले की तिथल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा आधी काढायच्या, आणि उरलेली जमीन मालकांना नव्या आकाराच्या तुकड्यांत परत द्यायची. मालकाची जमीन थोडी कमी होते, पण तिला रस्ता मिळाल्याने किंमत वाढते. गुजरातने ही पद्धत टाकली नाही. १९७६ च्या त्यांच्या कायद्यातही ती आहे, आणि तिथल्या शहरांच्या कडेच्या कितीतरी वसाहती 'टी. पी. स्कीम'मधून उभ्या राहिल्या. त्यात भानगडी होत नाहीत असे नाही, योजना वर्षानुवर्षे रखडतात, जमिनीवाले कोर्टात जातात. पण नकाशावर रस्ता घराच्या आधी येतो, हे तत्त्व तरी टिकले.

आपल्याकडे काय झाले? आपला नगर नियोजन कायदा १९७४ चा. त्याखाली आपण केले ते प्रादेशिक आराखडे. प्रादेशिक आराखड्यात संपूर्ण राज्याचा नकाशा रंगवला जातो. ही शेती, ही बागायत, हे जंगल, ही वस्ती. जमिनीचा रंग बदलला की तिचा भाव बदलतो, आणि म्हणून सगळे राजकारण त्या रंगाभोवती फिरते. रस्ता मात्र नकाशावर जसा होता तसाच, एक बारीक रेघ. त्या रेघेची क्षमता किती आणि तिच्या दोन्ही बाजूंना आपण किती घरांना मुभा देतो आहोत, हा गुणाकार कोणी करत नाही.

२०११ चा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला तेव्हा काय घडले ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. बागायती, डोंगरउतार, शेते वस्तीच्या रंगात गेलेली लोकांना दिसली. डॉ. ऑस्कर रिबेलो ह्यांच्या पुढाकाराने गोवा बचाव अभियान उभे राहिले, डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर माणसांचा पूर लोटला, आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर चार्ल्स कुरैया ह्यांच्या नेतृत्वाखाली कृती दल नेमले गेले आणि २०२१ चा आराखडा तयार होऊ लागला. त्याचे मसुदे गावोगाव गेले. लोकांनी नकाशे जमिनीवर पसरून आपापली शेते, तळी, पाणंदी शोधल्या. गावांचे वर्ग केले गेले, विकासाचा दाब जास्त तिथे चटई निर्देशांक ८०, इतरत्र ६०, अशी काहीतरी शिस्त आली. पुढे २०१२ मध्ये तोही आराखडा स्थगित झाला आणि नंतर तुकड्यातुकड्यांनी परत आला, ती कहाणी वेगळी आहे.

ह्याच काळात, २००७-०८ मध्ये, साष्टीत आणि बार्देशात मोठ्या गृहप्रकल्पांविरुद्ध ग्रामसभा पेटल्या. कार्मोणा हे त्यातले गाजलेले नाव. सोळा-सतरा वर्षांनी, २०२४ मध्ये, सांकवाळच्या डोंगरावरच्या प्रकल्पावरून तेच झाले. गाव बदलले, पक्ष बदलले, तक्रारींची यादी बदलली नाही: पाणी, सांडपाणी, झाडे, वाहतूक.

आता ह्या वाहतुकीच्या तक्रारीचा साधा हिशेब करून पाहू. एक हेक्टरचे, म्हणजे दहा हजार चौरस मीटरचे भाट धरा. चटई निर्देशांक ८० म्हणजे त्यावर आठ हजार चौरस मीटर बांधकाम. एका सदनिकेला ऐंशी चौरस मीटर धरले तर शंभर सदनिका. जिथे काल माड, एक घर आणि एक स्कूटर होती तिथे उद्या शंभर कुटुंबे. प्रत्येकी एक मोटार आणि एक दुचाकी धरा, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. सकाळी साडेआठ ते साडेनऊ ह्या तासात त्यांतल्या निम्म्या मोटारी जरी बाहेर पडल्या तरी पन्नास झाल्या, म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक. त्यात शाळेची व्हॅन, गॅसची गाडी, कचऱ्याची गाडी, घरपोच सामान देणारी पोरे, आणि नळाला पाणी नसले की टँकर. बांधकाम चालू असताना दोन-तीन वर्षे चिरे, खडी आणि काँक्रीटचे ट्रक ते वेगळेच.

आणि रस्ता? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने एकेरी पट्ट्याचा रस्ता पावणेचार मीटरचा. आपल्या वाड्यांतले कित्येक रस्ते त्याहूनही कमी भरतात. समोरून गाडी आली तर एकीने मागे जायचे, गडग्याला आरसा घासायचा, नाहीतर कोणाच्या तरी अंगणात चाक घालायचे. अशा रस्त्यावर दर सव्वा मिनिटाला एक मोटार वाढवायची, हा विनोद आहे का? तो रुंद करायचा म्हटले तर कोणाचा गडगा, कोणाचे तुळशीवृंदावन, कोणाचा खुरीस, कोणाची विहीर जाणार. आणि गंमत पाहा, हे सगळे जाणार ते जुन्या घरांचे, नव्या इमारतीचे नव्हे. ती तर नियमाप्रमाणे जागा सोडूनच बांधलेली असते.

खरी मेख पुढे आहे. केंद्र सरकारच्या सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना पर्यावरण परवाना लागू केला. त्या अर्जात वाहतुकीबद्दलचे प्रश्न आहेत, प्रकल्पामुळे रस्त्यांवर काय परिणाम होईल ते लिहून द्यावे लागते. पण आपला शंभर सदनिकांचा प्रकल्प आठ हजार चौरस मीटरचा. तो ह्या चाळणीतून सहज निसटतो. त्याच रस्त्यावर असे पाच प्रकल्प शेजारी शेजारी आले, तर पाचही निसटतात. पाचशे मोटारी एकाच पाणंदीवर येतात आणि कागदोपत्री कोणाचाच परिणाम होत नाही! प्रत्येक इमारत वेगळी मोजली जाते, रस्ता मात्र सगळ्यांचा एकच.

आणि मोठ्या प्रकल्पांचे तरी काय? खाणीला, कारखान्याला जनसुनावणी लागते, हे आपण गोवेकरांना चांगले माहीत आहे. त्याच २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. म्हणजे वाहतुकीचा प्रश्न बिल्डरला विचारायचा, त्याच्या सल्लागाराने उत्तर लिहायचे, आणि जो माणूस चाळीस वर्षे त्या रस्त्याने चालतो आहे त्याला विचारायचेच नाही. पावसात कुठे पाणी साचते, फेस्ताच्या आणि जत्रेच्या दिवशी रस्ता किती तास बंद असतो, शाळा सुटल्यावर पोरे कुठल्या वळणावर रस्ता ओलांडतात, हे त्यालाच ठाऊक. गेडेस आला असता तर त्याने पहिल्यांदा ह्याच माणसाला गाठले असते.

म्हणूनच ग्रामसभेतल्या त्या तक्रारीला मी रडगाणे मानत नाही. पाच वेगवेगळ्या फायलींतल्या पाच इमारतींची बेरीज जिथे होते अशी ती एकच जागा उरली आहे. नगर नियोजन खात्याच्या टेबलावर एक प्लॉट येतो, पंचायतीच्या टेबलावर एक परवाना येतो. ग्रामसभेत अख्खा रस्ता येतो.

अलीकडच्या वर्षांत तर प्लॉटगणिक विचार करण्याची ही सवय कायद्यातच शिरली. २०२३ मध्ये कलम १७(२) आले, आराखड्यातल्या 'चुका' एकेका प्लॉटपुरत्या दुरुस्त करण्यासाठी. २०२४ मध्ये कलम ३९अ आले, अर्ज करून झोन बदलून घेण्यासाठी, हरकतींना तीस दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये १७(२) खालचे नियम रद्द केले. त्या निकालातली कायद्याची बाजू जाणकार सांगतील. माझ्यासारख्या सामान्य माणसाला त्यातून एवढेच उमगते की एकेक प्लॉट सुटा उचलून बदलत गेलो, तर आराखडा ह्या शब्दाला अर्थ उरत नाही.

बेरीज न करण्याची किंमत काय असते ते पाहायचे तर मुंबईच्या गिरणगावात जावे. परळ, लालबाग, एल्फिन्स्टन रोड. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, मार्च २००६ मध्ये निकाल लागला आणि त्या जमिनींवर टॉवर आणि कचेऱ्या उठल्या. एकेक गिरणी, एकेक परवानगी, सगळे कायदेशीर. स्टेशनातला पादचारी पूल मात्र जुनाच. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसाची सर आली, पुलाच्या जिन्यावर माणसे अडकली, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या पुलावर कधीतरी असे होणार, हे रोज तिथून जाणारे लोक आधीपासून सांगत होते. तेही 'कटकट करणारे प्रवासी'च होते.

आपल्याकडे पुलांचे उलटे आहे. मांडवीवर २०१९ मध्ये अटल सेतू आला, जुवारीवर २०२२-२३ मध्ये नवा पूल आला. महामार्ग रुंद झाला, पणजी ते मडगाव अंतर मिनिटांत मोजता येऊ लागले. त्याचा परिणाम असा की महामार्गापासून आत असलेल्या गावांच्या जमिनी 'जवळच्या' झाल्या आणि बिल्डरांच्या नजरेत आल्या. मोठा रस्ता रुंद केला की गर्दी संपत नाही, ती शेवटच्या एका किलोमीटरवर, गावाच्या तोंडाशी, जाऊन उभी राहते. १०८ ची रुग्णवाहिका जुवारी भराभर ओलांडेल आणि वाड्यातल्या वळणावर अडकेल.

आता दुसरी बाजू. ही तक्रार करणाऱ्यांचे स्वतःचे घर झालेले असते, हा आरोप खोटा नाही. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुंडकाराला, भावांत वाटणी होऊन एका खोलीत आलेल्या कुटुंबाला, पणजीत नोकरी करणाऱ्या पोराला घर हवेच आहे, आणि त्यांच्यासाठी सदनिका हाच परवडणारा मार्ग असतो. 'वाहतूक' असे म्हणायचे आणि मनात 'भायले नकोत' असे ठेवायचे, हेही आपल्या सभांतून चालते. ते मला पटत नाही. रस्त्याला गाडीवाल्याची जात, धर्म, भाषा कळत नाही. शंभर गोवेकरांच्या शंभर मोटारींनीही तो तितकाच तुंबेल. शिवाय २०११ च्या जनगणनेत गोव्यातले पाचांतले सुमारे एक घर रिकामे निघाले होते. म्हणजे घरांची गरज आणि घरांचे बांधकाम ह्यांची गाठ आपल्याकडे केव्हाच सुटली आहे. बंद घरांपुढे वर्षातले दहा महिने गाडी नसते, आणि डिसेंबरात सगळ्या एकदम येतात. सल्लागार मोजणी करणार जुलैत, हे सांगायला नको.

तेव्हा 'नको' एवढेच म्हणून भागणार नाही, 'किती' हे सांगावे लागेल. आणि ते आपल्याला जमण्यासारखे आहे. रस्त्याची रुंदी मोजायला टेप पुरते. सर्वांत अरुंद जागा कुठली, तिथे किती मीटर, हे वाड्यातल्या दोन मुलांनी एका सकाळी मोजून लिहावे. कॉलेजातल्या पोरांनी वळणावर बसून आठ ते दहा ह्या वेळात किती मोटारी, किती दुचाक्या, किती बस, किती ट्रक गेले त्याच्या रेघा ओढाव्यात. एकदा जुलैत, एकदा डिसेंबरात, एकदा जत्रेच्या आठवड्यात. त्याच रस्त्यावर आधी मंजूर झालेले प्रकल्प किती, त्यांतल्या सदनिका किती, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. मग ही सगळी बेरीज ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. 'ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली' हे वाक्य फायलीत कुठेही हरवते. 'रस्ता सर्वांत अरुंद जागी तीन मीटर दहा सेंटिमीटर, तासाला इतक्या गाड्या, मंजूर सदनिका इतक्या' हे वाक्य हरवणे कठीण असते, आणि न्यायालयात तर त्याहून कठीण.

पंचायतीकडे बांधकाम परवान्याचा अधिकार आहे. तो देताना अशी बेरीज समोर असेल तर निदान परवाना देणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे माहीत नव्हते, असे म्हणता येणार नाही. रस्ता आधी होत नसेल तर घरे टप्प्याटप्प्याने व्हावीत, एवढी मागणी त्यातून रास्तपणे निघते. ती विकासाच्या विरोधात नाही. डभोईच्या रेल्वेवाल्यांनी जड रूळ पडेपर्यंत अकरा वर्षे बैलांवर काढली, त्याला कोणी विकासविरोध म्हटल्याचे ऐकिवात नाही.

येत्या ग्रामसभेला जाताना टेप घेऊन जा, एवढेच सांगणे.